टेलोमरेजचा लगाम कुणाच्या हाती?

अहिल्यानगर जिल्ह्यातील एआरटी (एचआयव्हीरोधक औषधोपचार) केंद्रांतून एचआयव्हीसह जगणाऱ्या बहुतेकांना रोज घ्यायची एकच गोळी मिळते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे तिच्यात एकत्र असतात. त्यांतली पहिली दोन विषाणूचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर अडवतात. आरएनएवरून डीएनए तयार करणाऱ्या या विकरावाचून विषाणूला आपल्या पेशीत ठाण मांडता येत नाही. पण त्याच कुळातले एक विकर आपल्याही पेशींत आहे. त्याचे नाव टेलोमरेज. प्रौढ शरीरातल्या बहुतेक पेशींत ते निजलेले असते. ज्या थोड्या पेशींत ते गरजेनुसार जागे होते, त्यांत टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशी येतात. मग विषाणूला अडवणारे औषध आपले हे विकरही अडवते का? आणि अडवत असेल, तर वर्षानुवर्षे ते घेणाऱ्या माणसाच्या प्रतिकारशक्तीचे काय होते?

हा प्रश्न या जिल्ह्यात पुस्तकी राहत नाही. नगरमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या ‘स्नेहालय’ने देहविक्रीच्या फेऱ्यात सापडलेल्या स्त्रिया आणि एचआयव्हीबाधित मुले यांच्यासाठी काम उभे केले. पाणलोटाच्या कामासाठी गाजलेल्या हिवरे बाजारने लग्नाआधी एचआयव्ही तपासणी करण्याचा नियम गावापुरता लागू केला. देशात सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. तेव्हा तिशीत असलेले लोक आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत, आईकडून संसर्ग घेऊन जन्मलेली मुले संसाराला लागली आहेत. विषाणू आटोक्यात आला, माणसे जगली. आता त्यांच्यापुढे हृदयविकार, हाडांची झीज, कर्करोग असे म्हातारपणाचे आजार आहेत, आणि ते अकाली येतात का ही चिंता आहे. त्या चिंतेच्या मुळाशी जी पेशीविद्या आहे, तिचा हा आढावा.

गुणसूत्राच्या प्रत्येक टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरांची जुळणी हजारो वेळा लिहिलेली असते. तिला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा टोकापर्यंत पूर्ण पोचत नाही, त्यामुळे दर विभाजनात ५० ते १०० अक्षरे गळतात. अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ मध्ये हे तर्काने मांडले होते. त्याआधी दहा वर्षे लेनर्ड हेफ्लिक यांनी दाखवले होते की प्रयोगशाळेतली मानवी पेशी ठरावीक विभाजनांनंतर थांबते. टेलोमिअर फार आखूड झाले की पेशीला आपला डीएनए तुटल्याचा भास होतो आणि ती वाढणे सोडते. १९८४ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांना टेट्राहायमेना या तळ्यातल्या एकपेशीय जीवात ही टोके पुन्हा लिहिणारे विकर सापडले. जॅक शोस्टॅक यांच्यासह त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. या विकराचे दोन मुख्य भाग आहेत: टर्ट हे प्रथिन लिहिण्याचे काम करते, आणि ४५१ अक्षरांचा एक आरएनए त्याला मजकूर पुरवतो. आरएनए बहुतेक पेशींत असतोच. टर्टवर मात्र कडक पहारा असतो.

रोगप्रतिकारक पेशींपुढची अडचण येथे कळते. ओळखीचा जंतू भेटला की एका टी पेशीला काही दिवसांत आपली फौज उभी करावी लागते. पंधरा विभाजनांत एकीच्या ३२,७६८ होतात. आणि हे आयुष्यात एकदाच घडत नाही. सर्दी, हगवण, लसी, शरीरात सुप्त राहिलेला क्षयाचा जंतू, नागिणीचा विषाणू असे निमित्त सतत चालू असते. त्वचेच्या किंवा यकृताच्या सामान्य पेशीसारखे टेलोमरेज कायमचे बंद ठेवले, तर स्मृती जपणाऱ्या टी पेशी लवकर संपतील. ते कायम चालू ठेवले, तर कुठल्याही बिघडलेल्या पेशीला अमर्याद वाढण्याची मुभा मिळेल. शरीराने काढलेला मार्ग आमच्या साखर कारखान्याच्या बॉयलरसारखा आहे: हंगाम लागला की पेटवायचा, संपला की विझवायचा.

हे पहिल्यांदा स्वच्छ दिसले ते १९९६ मध्ये. अमेरिकेत नान-पिंग वेंग, ब्रूस लेव्हिन, कार्ल जून आणि रिचर्ड होड्स यांनी मानवी टी पेशी त्यांच्या आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर तपासल्या. थायमस ग्रंथीत घडत असलेल्या कोवळ्या टी पेशींत टेलोमरेज भरपूर होते, टॉन्सिलमधल्या पेशींत मध्यम, आणि रक्तात स्वस्थ फिरणाऱ्या पेशींत नाममात्र. त्या स्वस्थ पेशींना सीडी-३ आणि सीडी-२८ या दोन दारांतून एकदम इशारा दिला की टेलोमरेज जोमाने वर चढे. यातले पहिले दार जंतू ओळखण्याचे, दुसरे ‘हा इशारा खरा आहे’ अशी खात्री देणारे. दुसऱ्या दाराचे महत्त्व पुढे फार वाढले, कारण तेच दार वयानुसार आणि जुनाट संसर्गात नाहीसे होते.

बी पेशींची गोष्ट थोडी निराळी आणि मला अधिक विलक्षण वाटणारी आहे. प्रतिपिंडे धारदार करण्याचे काम लसिका ग्रंथींतल्या जर्मिनल सेंटर नावाच्या भागात चालते. तेथे बी पेशी अफाट वेगाने विभागतात, आणि तरीही तेथल्या पेशींचे टेलोमिअर बाहेरच्या बी पेशींपेक्षा लांब आढळतात. म्हणजे येथे विकर झीज भरून काढून वर भरही घालते. टी पेशींत असे होत नाही. त्यांच्यात टेलोमरेज झीज मंद करते, थांबवत नाही. मोनोसाइट या भक्षक पेशींत तर ते जवळपास नसतेच, कारण त्यांना रक्तात आल्यावर विभागायचे नसते. एकाच रक्ताच्या थेंबातल्या पेशींचे नियम असे वेगळे असतात, आणि संपूर्ण रक्ताची सरासरी काढून बोलणाऱ्या अभ्यासांकडे म्हणूनच सावधपणे पाहिले पाहिजे.

आता लगामाचा प्रश्न. सर्वसाधारण समज असा की टर्टचे जनुक चालू केले की टेलोमरेज आले. टी पेशीला इशारा मिळाल्यावर एनएफएटी आणि सी-मिक ही प्रथिने टर्टच्या जनुकाशी जाऊन ते वाचायला लावतात, हे खरेच आहे. पण २००१ मध्ये लियू, होड्स आणि वेंग यांनी दाखवले की स्वस्थ टी पेशीतही टर्ट प्रथिन असू शकते. ते केंद्रकाबाहेर पडून असते. इशारा मिळाल्यावर त्याच्यावर फॉस्फेट चढतो आणि ते केंद्रकात जाते. प्रथिनाचे प्रमाण न वाढता काम सुरू होते. फॉस्फेट चढवणाऱ्यांत अक्ट हे प्रथिन महत्त्वाचे, आणि तो उतरवण्याचे काम पीपी-२ए करते. नैसर्गिक मारक पेशींत इंटरल्युकिन-२ चा इशाराही अक्ट आणि एमटीओआर यांच्याच वाटेने टर्टपर्यंत पोचतो. मला या शोधाचे मोल मोठे वाटते. जनुकाचा संदेश मोजून टेलोमरेजचा अंदाज बांधणारे संशोधन या पेशींत वारंवार चुकते, त्याचे कारण येथे आहे.

शिवाय टर्टचा संदेश कापून-जोडून अनेक प्रकारांनी तयार होतो, आणि त्यांतले बरेच प्रकार निकामी विकर देतात. पेशी संदेश भरपूर काढते, पण त्यातला उपयोगी वाटा किती ठेवायचा हे वेगळे ठरवते. दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशी शेजारच्या टी पेशींत हीच कापणी बदलून त्यांचे टेलोमरेज खाली आणतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. आणि एवढे सगळे जमले तरी विकर गुणसूत्राच्या टोकाला बसले पाहिजे. टोक झाकणाऱ्या सहा प्रथिनांच्या शेल्टरिन या संचातले टीपीपी-१ त्याला तेथे बसवून घेते.

लगाम ओढला कसा जातो, हे समजून घेण्यासाठी आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या एका चाचणीचा उपयोग झाला. क्षयासाठी हातावर दिली जाणारी माँटूची सुई, आणि दोन-तीन दिवसांनी तेथे येणारी लाल गाठ. लंडनमध्ये अर्ने अकबर यांच्या गटाने स्वयंसेवकांना ही सुई देऊन त्या गाठीत जमलेल्या टी पेशी काढून तपासल्या. २००४ मध्ये त्यांनी लिहिले की त्वचेत लढायला आलेल्या या पेशींचे टेलोमिअर रक्तातल्या तशाच पेशींपेक्षा आखूड होते, कारण लढाईच्या जागीच टेलोमरेज दाबले जात होते. दाबणारा निघाला पहिल्या प्रकारचा इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंविरुद्ध शरीरच सोडते ते रसायन. निरोगी माणसात काही दिवसांपुरते हे ठीक. पण जेथे हा इंटरफेरॉन महिनोन्‌महिने पाझरत राहतो, तेथे पेशी विभागतही राहते आणि तिची भरपाईही बंद असते. क्षय आणि एचआयव्ही या दोन्ही आजारांत नेमके हेच घडण्याची शक्यता आहे, आणि आपल्या भागात हे दोन आजार एकाच माणसात भेटतात.

दुसरा लगाम पेशीच्या आतून येतो. बाधित पेशींना मारणाऱ्या सीडी-८ प्रकारच्या टी पेशी वारंवार उद्दीपित झाल्या की हळूहळू सीडी-२८ हे दार गमावतात. लॉस एंजेलिसमध्ये रीटा एफ्रॉस यांनी १९९६ मध्ये दाखवले की एचआयव्हीबाधितांच्या रक्तात अशा सीडी-२८ विरहित पेशींची गर्दी झालेली असते आणि त्यांचे टेलोमिअर फार आखूड असतात. पुढे लंडनच्या गटाने कारण शोधले: या पेशींत अक्टवर योग्य जागी फॉस्फेट चढत नाही, म्हणून टर्ट कामाला लागत नाही. यातून एक आशेची बाब पुढे आली. पी-३८ नावाचा अंतर्गत अटकाव किंवा केएलआरजी-१ हा पृष्ठभागावरचा अटकाव औषधाने काढला, की प्रयोगशाळेत या पेशींत टेलोमरेज काही अंशी परत येते. म्हणजे पेशीने विकर गमावलेले नसते. ते रोखून धरलेले असते. बोस्टनमधला २००८ चा एक अभ्यास याच दिशेचा आहे. जे थोडे लोक औषधाविना एचआयव्ही काबूत ठेवतात, त्यांच्या विषाणूविरोधी सीडी-८ पेशींत टेलोमरेज सतत चढे होते. ज्यांचा आजार वाढत होता त्यांच्यात ते खाली होते आणि पीडी-१ चा अटकाव काढल्यावर वाढले.

मनावरचा ताण येथे येतोच. सॅन फ्रान्सिस्कोत एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांनी २००४ मध्ये ५८ मातांचा अभ्यास केला. त्यांतल्या अनेकींची मुले दीर्घ आजारी होती. जिला ताण अधिक जाणवत होता तिच्या रक्तपेशींत टेलोमरेज कमी आणि टेलोमिअर आखूड होते. कॉर्टिसॉल घातले की प्रयोगशाळेतल्या टी पेशींत टेलोमरेज उतरते, हे चार वर्षांनी एफ्रॉस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. दुसरा पुरावा मला पहिल्यापेक्षा भक्कम वाटतो, कारण पहिल्यात पेशींचे प्रकार वेगळे केलेले नव्हते. तरी आजारी मुलाच्या आईचा विचार करताना दोन्ही दुर्लक्षिण्यासारखे नाहीत.

आता औषधाकडे वळू. ही शंका जुनी आहे, आणि ती घेणारी पहिली व्यक्ती ब्लॅकबर्न यांच्याच प्रयोगशाळेतली होती. कॅथरीन स्ट्राल आणि ब्लॅकबर्न यांनी १९९४ मध्ये टेट्राहायमेनावर आणि १९९६ मध्ये मानवी लसिका पेशींच्या अमर वाणांवर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज अडवणारे झिडोव्हुडिन हे औषध वापरून पाहिले. टेलोमरेज अडत होते. २०१३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी उद्दीपित मानवी रक्तपेशींवर या गटाची अनेक औषधे तपासली. टेनोफोविर सर्वांत प्रभावी अडवणारे ठरले आणि पेशी विभागत राहिल्या तेव्हा टेलोमिअर लवकर आखडले. इथपर्यंत वाचून घाबरायला होते. पण माणसांत काय दिसले? माद्रिदमधल्या २०१७ च्या अभ्यासात, विषाणू पूर्ण दबलेल्या रुग्णांत, टेनोफोविर घेण्याचा आणि रक्तपेशींचे टेलोमिअर आखूड असण्याचा संबंध आढळला नाही. याचे कारण वर आलेल्या नियमांत सापडते. उपचार नसताना विषाणू टी पेशींना अहोरात्र विभागायला लावतो, इंटरफेरॉन वाहवत ठेवतो, सीडी-२८ गमावलेल्या पेशींचा ढीग लावतो. औषधाने हे सारे बरेच ओसरते. विभाजनच कमी झाले की टेलोमरेजची गरजही कमी होते. औषधाने विकराला थोडा अडथळा केला तरी विषाणू करतो त्या नासधुशीपुढे तो किरकोळ ठरतो. म्हणून माझा निष्कर्ष ठाम आहे: टेलोमरेजच्या भीतीने एआरटीचा एक दिवसही चुकवू नये. ज्यांनी उपचार उशिरा सुरू केला किंवा मधेच सोडला, त्यांची झीज त्या काळात झालेली आहे, औषधाने नाही.

टेलोमरेज नसले तर काय होते, याची शिकवण डिस्केराटोसिस कंजेनिटा या दुर्मिळ आनुवंशिक आजाराने दिली. टर्ट, त्याचा आरएनए किंवा त्याला सांभाळणारे डिस्केरिन यांत दोष असलेल्या मुलांची अस्थिमज्जा लवकर आटते आणि टी पेशी कमी पडतात. मेरी आर्मानिओस यांच्या गटाने २०२३ मध्ये मांडले की अशा रुग्णांत होणाऱ्या काही कर्करोगांमागे गुणसूत्रांची मोडतोड हे मुख्य कारण नसून टी पेशींची कमतरता आहे. उलट टोकही पाहावे लागते. पीओटी-१ या जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत टेलोमिअर फार लांब असतात, आणि अशा लोकांत रक्तपेशींच्या असामान्य वंशावळी आणि गाठी अधिक दिसतात. मानवी कर्करोगांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्क्यांत टेलोमरेज चालू सापडते. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेने इमेटेलस्टॅट या टेलोमरेज अडवणाऱ्या पहिल्या औषधाला अस्थिमज्जेच्या एका आजारासाठी मान्यता दिली. त्याचे ठळक दुष्परिणाम म्हणजे न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट कमी होणे. रक्त घडवणाऱ्या यंत्रणेला हे औषध किती जाचते ते त्यातून दिसते.

म्हणून ‘टेलोमरेज वाढवा, तरुण राहा’ अशी जाहिरात करणाऱ्या गोळ्यांना माझा विरोध आहे. त्यांतल्या काही अॅस्ट्रॅगॅलस या चिनी औषधी वनस्पतीच्या अर्कावर आधारलेल्या आहेत. त्या वनस्पतीतल्या एका रेणूने एफ्रॉस यांच्या प्रयोगशाळेत २००८ मध्ये एचआयव्हीबाधितांच्या सीडी-८ पेशींचे टेलोमरेज आणि विषाणूविरोधी ताकद वाढवली होती, हे खरे. पण ते काचेच्या भांड्यातल्या निवडक पेशींवर. संपूर्ण शरीरात, ज्याला कुठल्या पेशीत कर्करोगाची सुरुवात झाली आहे हे ठाऊक नाही अशा माणसाने, एचआयव्हीच्या औषधांबरोबर ते मनाने घ्यावे असे त्यातून निघत नाही.

विकर न वाढवताही टेलोमिअर राखण्याची एक वाट अलीकडे पुढे आली आहे. अलेस्सिओ लान्ना आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवले की जंतूची ओळख करून देणारी पेशी टी पेशीला भेटते तेव्हा आपल्या टेलोमिअरचे तुकडे सूक्ष्म पुड्यांतून तिला देते, आणि काही टी पेशी त्यांच्या जोरावर दीर्घकाळ टिकणारी स्मृती धरतात. हे इतर प्रयोगशाळांत पक्के ठरले, तर तीस वर्षांच्या मांडणीत भर पडेल. टेलोमरेजचे काम मात्र त्यामुळे गौण होत नाही.

या ज्ञानाचा व्यवहारात पहिला मोठा उपयोग बहुधा कर्करोगाच्या पेशी-उपचारात होईल. १९९६ च्या त्या अभ्यासातले जून आणि लेव्हिन हेच पुढे रुग्णाच्या टी पेशींना प्रयोगशाळेत शस्त्रसज्ज करणाऱ्या सीएआर-टी उपचाराचे आघाडीचे शिल्पकार झाले. महाराष्ट्रात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या नेक्सकार-१९ या सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. गाठीत शिरलेल्या टी पेशी काढून, वाढवून परत देण्याच्या उपचारात असे दिसले आहे की ज्या पेशींचे टेलोमिअर लांब, त्या शरीरात अधिक टिकतात आणि गाठही अधिक ओसरते. अनेक वर्षे जुनाट संसर्ग सोसलेल्या रुग्णाच्या थकलेल्या पेशींतून असा उपचार बनवायचा, तर त्यांचा लगाम आधी सैल करावा लागेल.

शेवटी मोजमापाबद्दल. उंदरांवरच्या निष्कर्षांना येथे फार वजन देऊ नये. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात आणि टेलोमरेज त्यांच्या अनेक ऊतींत मोकळे असते. माणसाच्या स्वस्थ रक्तातले टेलोमरेज एकदा मोजूनही थोडेच कळते. टी पेशींचे प्रकार वेगळे करून, त्यांना इशारा देऊन, त्या किती जागे करू शकतात हे पाहावे लागते, आणि तेही त्याच माणसात काही वर्षांच्या अंतराने. या लेखात आलेले पेशीविद्येचे प्रयोग लंडन, लॉस एंजेलिस, बोस्टन, मेलबर्न, माद्रिद अशा परदेशी शहरांतले आहेत. तेथल्या आणि आपल्या माणसांत फरक आहेत: बालपणापासूनचे संसर्ग, जवळपास सर्वांना झालेला सायटोमेगॅलो विषाणू, सुप्त क्षय, कुपोषण, ऊसतोडीच्या स्थलांतरात तुटणारे उपचार. लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आणि एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, जिल्ह्यात दोन दशके नियमित औषध घेणारी माणसे आहेत. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने सिद्ध केले आहे की गावातलीच बाई आरोग्यसेविका होऊन एकेका घराचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करू शकते. या संस्थांनी एकत्र येऊन, रुग्णांची नावे गुप्त ठेवून आणि त्यांना मराठीत सगळे समजावून त्यांची संमती घेऊन, एआरटी घेणाऱ्या लोकांच्या टी पेशींचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घ्यावा, आणि त्याचे निष्कर्ष सर्वांत आधी रक्त देणाऱ्यांना सांगावेत.